खानदेशातील कुरण आणि गवताचे बियाणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील पशुपालक, शेळी-मेंढीपालक आणि पडीक बरड जमिनीवर गवत लावू इच्छिणारे शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कापूस, केळी आणि दादर (रब्बी ज्वारी) यांच्याविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते. गवताला मात्र पीक म्हणून कोणी विचारत नाही, आणि उन्हाळ्यात चारा विकत घेण्याची वेळ येते त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारे रायग्रास आपल्याकडे लावता येईल का?

हिवाळ्यापुरते येईल, कुरण म्हणून टिकणार नाही. रायग्रास हे थंड हवेचे गवत आहे. साधारण १८ ते २० अंश तापमानात ते जोमाने वाढते, २५ अंशांच्या पुढे त्याची वाढ मंदावते आणि त्याहून कडक उन्हात ते तग धरत नाही. भुसावळ आणि जळगावचा मे महिना ४४-४५ अंशांचा असतो, त्यामुळे ‘बहुवर्षायू’ असे पिशवीवर छापलेले असले तरी येथे त्याचे आयुष्य एका हिवाळ्याचेच राहते. भारतात हे गवत हिमाचल, काश्मीर, निलगिरी अशा थंड भागांत आणि पंजाबात रब्बीचा चारा म्हणून घेतले जाते. तापीकाठच्या ओलिताच्या जमिनीत ऑक्टोबरअखेर एकवर्षायू रायग्रास पेरले, तर फेब्रुवारीपर्यंत काही कापण्या मिळू शकतात. पण तेवढेच पाणी, तेवढीच जमीन आणि तोच हंगाम ओटाला दिला तर बी सहज मिळते, पिकाची माहिती गावात असते आणि चाराही भरपूर निघतो. म्हणून हिरव्या चाऱ्यासाठी ओट आणि कुरणासाठी आपली देशी गवते, असाच सल्ला आम्ही देतो.

रायग्रासचे बी येथे का धरत नाही? ते जेथे होते तेथे कसे घेतात?

बहुवर्षायू रायग्रासला फुलोऱ्यावर येण्यासाठी आधी थंडीचा लांब काळ आणि त्यानंतर मोठा होत जाणारा दिवस, अशा दोन्ही गोष्टी लागतात. आपल्याकडची थंडी त्याला पुरत नाही. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असले तरी तेथील हिवाळाही त्या मानाने लहानच असतो. एकवर्षायू प्रकारांना थंडीची गरज कमी असते, पण त्यांचा दाणा भरण्याची वेळ आणि आपले मार्च-एप्रिलचे ऊन एकत्र येते.

या बियाण्याचे मोठे उत्पादन अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील विलामेट खोऱ्यात, न्यूझीलंडच्या कँटरबरी मैदानात आणि डेन्मार्कमध्ये होते. कँटरबरीची पद्धत आपल्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे बियाण्याच्या रायग्रासवरही मेंढ्या चारतात, मात्र वसंतात एका ठरावीक वेळी रान बंद करतात आणि त्यानंतर त्यात एकही जनावर जाऊ देत नाहीत, कारण दांड्याच्या आत वर सरकणारा कोंब खाल्ला गेला की त्या दांड्याला लोंबी येत नाही. गवत वेगळे, देश वेगळा, तरी ‘रान कधी बंद करायचे’ हा प्रश्न आपल्याकडेही तितकाच निर्णायक आहे.

मग खानदेशातील कुरणासाठी कोणती गवते निवडावीत?

जमीन पाहून निवडावीत. मध्यम ते भारी काळ्या जमिनीत, नाल्याच्या काठी आणि बांधांवर मारवेल सर्वांत चांगले. ते जनावरे आवडीने खातात, त्याचे वाळलेले गवतही मऊ राहते, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मारवेल-८ हे वाण अनेक वर्षांपासून लागवडीत आहे. सातपुड्याच्या आणि साक्री परिसरातील डोंगरांच्या मुरमाड उतारावर पवना गवत नैसर्गिकरीत्या येते. मारवेल आणि पवना यांची जोडी हीच दख्खनच्या पठारावरील चांगल्या कुरणाची मूळ ओळख आहे. शिंदखेड्यासारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात, हलक्या आणि रेताड जमिनीत, अंजन गवत लावावे. (येथे अंजन म्हणजे गवत, आपल्या डोंगरांवरचा अंजन वृक्ष वेगळा.) अंजनाची मुळे खोल जातात, त्यामुळे पावसाने महिनाभर ओढ दिली तरी ते मरत नाही आणि पहिल्या सरीनंतर लगेच फुटते.

अतिचराई झालेल्या माळावर कुसळी गवत माजते. ते समूळ काढण्याच्या मागे लागू नये. कोवळे असताना ते चांगला चारा देते. त्याच्या काटेरी कुसळी तयार होण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबर उलटण्याआधी, कापून वाळवले तर ते वापरता येते. कुसळी पिकू दिल्या तर त्या मेंढीच्या लोकरीत अडकतात, कातडीत शिरतात आणि तोंडात जखमा करतात, हे प्रत्येक ठेलारी मेंढपाळ जाणतो. नवापूर-नंदुरबारकडच्या डोंगरांवरील सुवासिक रोशा गवताचे तेल काढतात. ते जनावरांना फारसे आवडत नाही, म्हणून चराईच्या कुरणात त्याचा भरवसा धरू नये.

लागवड बियाण्याने करावी की ठोंबांनी?

मारवेलसाठी ठोंब आणि अंजनासाठी बी, हे धोरण बहुतेकांना सोपे जाते. मारवेलच्या बियांत पोकळ तुसे फार असतात, त्यामुळे पेरलेले क्षेत्र विरळ उगवते. मुळ्या असलेले ठोंब मात्र मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लावले की हमखास धरतात. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन ठोंबांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एकरी सुमारे २२,००० ठोंब लागतात. इतके ठोंब एकदम विकत आणण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी विहिरीजवळ दोन गुंठ्यांत मारवेल वाढवावे आणि पुढच्या पावसाळ्यात तेच उपटून, फोडून, शेतात न्यावे.

अंजनाचे बी पेरले, पण उगवलेच नाही. काय चुकले असेल?

तीन कारणे नेहमी आढळतात. पहिले म्हणजे बी ताजे होते. अंजन आणि मारवेल यांचे बी काढल्यानंतर काही महिने सुप्तावस्थेत असते, त्यामुळे दिवाळीत गोळा केलेले बी हिवाळ्यात ओलिताखाली पेरणाऱ्याची निराशा होते, आणि तेच बी कोरड्या जागी ठेवून पुढच्या पावसाळ्यात पेरले तर बऱ्यापैकी उगवते. दुसरे, बी खोल गेले. गवताचे बी जमिनीत एक ते दीड सेंटिमीटरपेक्षा खाली जाता कामा नये; ज्वारीसाठी लावलेल्या पाभरीने ते पेरले की ते पाच-सहा सेंटिमीटरवर जाते आणि तेथेच संपते. तिसरे, बी मुंग्यांनी वाहून नेले किंवा वाऱ्याने उडाले.

शेवटच्या दोन्ही अडचणींवर गोळ्या करून पेरणे हा चांगला उपाय आहे. एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती आणि एक भाग वाळू पाणी शिंपडून मळावी, हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. या गोळ्या पावसाच्या आधी माळावर टाकल्या तरी चालतात, कारण चांगली ओल मिळेपर्यंत बी आत सुरक्षित राहते. हेक्टरी ५ किलो, म्हणजे एकरी २ किलो बी पुरते.

खत द्यावे लागते का?

लागवडीपूर्वी एकरी दोन गाड्या चांगले कुजलेले शेणखत द्यावे आणि दरवर्षी जुलैत, पावसाची ओल असताना, एकरी सुमारे १६ किलो नत्र, म्हणजे जवळपास ३५ किलो युरिया द्यावा. स्फुरद लागवडीच्या वेळी दिलेले पुरते. उथळ मुरमाड उतारावर खतापेक्षा समतल चर अधिक उपयोगी पडतात. तेथे पाणी थांबले नाही तर दिलेले नत्र पहिल्याच जोरदार सरीत नाल्यात जाते.

गवतात शेंगवर्गीय वनस्पती मिसळावी का?

अवश्य मिसळावी. आपल्या जिरायती कुरणात स्टायलो चांगले चालते. त्याच्या बियांचे कवच टणक असल्याने सुमारे ८० अंश गरम पाण्यात तीन-चार मिनिटे बी बुडवून, निथळून, सावलीत सुकवून मग पेरावे. पहिल्या पावसाळ्यात जनावरे स्टायलोला तोंड लावत नाहीत म्हणून ते निरुपयोगी ठरवण्याची घाई करू नये. गवत सुकू लागते त्या दिवसांत ते हिरवे असते, आणि तेव्हा जनावरे ते शोधून खातात.

नवीन कुरणात चराई केव्हा सुरू करावी?

पहिल्या वर्षी अजिबात नाही. पहिल्या पावसाळ्यात गवताचे ठोंब वरवर हिरवे दिसतात, परंतु मुळे धरलेली नसतात, आणि गाय गवत खाते तेव्हा जिभेने ओढते. कोवळा ठोंब मुळासकट हातात यावा तसा तिच्या तोंडात जातो. त्या वर्षी बी गळून गेल्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, विळ्याने एक कापणी घ्यावी आणि ८ ते १० सेंटिमीटर बुडखा ठेवावा. गवताची पुढच्या फुटीची शिदोरी त्या बुडख्यात आणि मुळांत असते.

दुसऱ्या वर्षापासून चराई करता येते, पण मृग बरसला की लगेच जनावरे सोडण्याची आपली जुनी सवय बदलावी लागेल. उन्हाळाभर उपाशी राहिलेले गवत पहिली पाने साठवलेल्या अन्नावर काढते. ती पाने खाल्ली गेली की साठाही गेला आणि नवे अन्न तयार करणारे पानही गेले. जुलैच्या मध्यापर्यंत रान राखणे हा कुरणाच्या व्यवस्थापनातील सर्वांत कठीण आणि सर्वांत लाभाचा भाग आहे. त्या पाच-सहा आठवड्यांसाठी दादरचा कडबा आणि मागच्या वर्षीचे वाळलेले गवत गंजीत राखून ठेवावे, सगळे आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) संपवू नये. याच दिवसांत जनावरे पर्याय म्हणून ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांवर सोडली जातात, तेही टाळावे. त्यातील विषारी घटकामुळे जनावर काही मिनिटांत कोसळू शकते.

एका एकरावर किती जनावरे पोसली जातील?

याचा अंदाज स्वतःच्या कुरणातूनच काढावा. सप्टेंबरअखेर, गवत फुलोऱ्यात असताना, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी काठ्यांची चौकट चार-पाच ठिकाणी टाकावी. चांगल्या जागा निवडू नयेत, चालता चालता चौकट पडेल तेथील गवत कापावे. ते पूर्ण वाळवून तोलावे. सरासरी ३०० ग्रॅम भरले, तर हेक्टरी ३ टन वाळलेले गवत झाले. त्यातील निम्मे जनावरांचे आणि निम्मे जमिनीचे, असे समजून १.५ टन वापरावे. ३०० किलो वजनाच्या गाईला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे रोज साडेसात किलो कोरडा चारा लागतो, तेव्हा हा चारा तिला २०० दिवस पुरेल. एका गाईला एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, चांगले कुरण असूनही पूर्ण वर्ष निघत नाही, हे या हिशोबातून दिसते. उजाड गायरानावर तर सप्टेंबरमध्येही चौकटीत मूठभर गवत मिळत नाही.

एकाच कुरणातून चारा आणि बी दोन्ही मिळेल का?

दोन्ही मिळेल, पण एकाच वर्षी एकाच तुकड्यातून दोन्ही पूर्ण मिळणार नाही. या प्रश्नावर आम्हाला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. गवत फुलोऱ्यात असताना कापले तर त्यात प्रथिने टिकून असतात आणि चारा मऊ असतो. बी पिकेपर्यंत थांबले तर अन्न दाण्यात जाते, दांडा कडक होतो आणि उरतो तो केवळ पोट भरणारा चारा. म्हणजे उत्तम चाऱ्याची वेळ बियाण्यासाठी लवकर असते आणि बियाण्याची वेळ चाऱ्यासाठी उशिराची असते. दोन्हींच्या मधली तारीख शोधणाऱ्याला बी अर्धे कच्चे मिळते आणि गवतही जून झालेले असते.

यासाठी कुरणाचे चार भाग करावेत. तीन भागांवर आळीपाळीने चराई किंवा कापणी करावी आणि चौथा भाग बी पिकून गळेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा. दरवर्षी बंद भाग बदलावा. चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा विश्रांती मिळते आणि तेथील विरळ जागा पडलेल्या बियांनी आपोआप भरून येतात. गवताचा हा पुनर्जन्म एकदा प्रत्यक्ष पाहिला की बंद ठेवलेला चौथा हिस्सा तोट्याचा वाटत नाही. बियाण्यासाठी ठेवलेल्या भागातील जून गवत वाया जात नाही: १०० किलो वाळलेल्या गवतावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, ढीग दाबून प्लास्टिकने २१ दिवस हवाबंद ठेवावा आणि मग मोठ्या जनावरांना द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा देऊ नये.

बी पिकले हे कसे ओळखावे आणि ते कसे गोळा करावे?

रंगावर विसंबू नये. अंजनाची लोंबी कोवळी असतानाही जांभळट दिसते, आणि पिकलेली लोंबी भुरकट होऊन तिच्यातील तुसे वरून खाली गळू लागतात. मुठीत लोंबी धरून खालून वर हलकेच ओढावी. तुसे हातात सुटून आली तर ती तयार आहेत. ओढूनही न सुटल्यास आठवडाभर थांबावे. मग हातातील तुसे तळव्यावर चोळून फुंकर मारावी आणि उरलेला दाणा नखाने दाबावा. पिकलेला दाणा कडक आणि तपकिरी असतो, कच्चा दाणा दबून ओला होतो, आणि पुष्कळ तुसांत तर काहीच सापडत नाही. शंभर तुसे मोजून त्यांतील भरलेले दाणे मोजण्याची सवय प्रत्येक बियाणे उत्पादकाने लावून घ्यावी, कारण गोणीचे वजन या बाबतीत फसवे असते.

या गवतांच्या सर्व लोंब्या एकदम पिकत नाहीत आणि पिकलेले बी झाडावर थांबत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा हाताने ओरबाडून बी काढावे. हे काम सकाळचे दव उतरल्यावर आणि वारा वाढण्यापूर्वी करावे. मजुरी परवडत नसल्यास निम्म्याहून अधिक लोंब्या पिकल्यावर वरचा भाग विळ्याने कापून, खळ्यावर ताडपत्रीत पसरून वाळवावा आणि झोडपावा. बी थोडे कमी मिळते, पण काम एका दिवसात उरकते. अंजन आणि मारवेलमध्ये बहुतांश बी अंडपेशीचे फलन न होताच तयार होते आणि मूळ झाडासारखेच निघते, त्यामुळे शेजारच्या शेतातील गवताने वाण बिघडण्याची भीती फार कमी असते. रायग्रासचे परागसिंचन वाऱ्याने होते, म्हणून तेथे दोन वाणांत मोठे अंतर ठेवावे लागते. आपल्याकडची खरी भेसळ खळ्यावर आणि गोणीत होते.

बी सावलीत पूर्ण वाळवून कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच, उंदीर आणि मुंग्या पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावे. ओलसर बी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यास ते घाम सुटून बुरशी धरते.

ओटाचे बी घरी तयार करता येते का?

येते, आणि रब्बीत हिरवा चारा घेणाऱ्या प्रत्येकाने ते करावे. केंट किंवा फुले हरिता यांसारखे वाण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकरी ४० किलो याप्रमाणे पेरावे. संपूर्ण शेतातून ५० ते ५५ दिवसांनी पहिली कापणी घ्यावी, नंतर बियाण्यासाठी निवडलेल्या पट्ट्याला नत्राचा हप्ता आणि पाणी देऊन तो पुन्हा कापू नये. डिसेंबर संपल्यानंतर बियाण्याच्या पट्ट्यात विळा गेला, तर दाणा भरण्याची वेळ मार्चच्या उन्हात सापडते आणि दाणे चिपाड होतात. ओटात परागसिंचन स्वतःचे स्वतः होते, म्हणून घरचे बी अनेक वर्षे वापरता येते. फक्त वेगळी दिसणारी ताटे फुलोऱ्यातच उपटून टाकावीत.

उन्हाळ्यात जुने गवत पेटवल्यास नवे गवत चांगले फुटते, हे खरे आहे का?

पेटवल्यानंतरची फूट हिरवीगार आणि एकसारखी दिसते, म्हणून तसे वाटते. प्रत्यक्षात जमिनीवर पडलेले बी जळते, पालापाचोळ्याचे आच्छादन जाते आणि उघड्या उतारावरची माती पहिल्याच वळवाने वाहते. सातपुड्यात फेब्रुवारीपासून लागणारे वणवे असेच पसरतात. विलामेट खोऱ्यातील रायग्रासचे शेतकरी रोगांच्या बंदोबस्तासाठी कापणीनंतर धसकटे जाळत असत. १९८८ मध्ये त्या धुरामुळे महामार्गावर भीषण अपघात होऊन सात जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तेथे ही पद्धत कायद्याने आवळत नेली गेली. आपल्या कुरणात तर जाळण्याचे तेवढेही कारण नाही. जुने गवत कापून विकावे, किंवा बांधाच्या कडेने तीन मीटर पट्टा साफ करून आगीपासून राखावे.

गावच्या गायरानावर हे सगळे करता येईल का? बाहेरून येणाऱ्या कळपांचे काय?

ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकट्याने करता येणार नाही, आणि करूही नये. रोजगार हमीत चारा आणि कुरण विकासाची कामे बसतात, आणि नंदुरबारच्या पाड्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली चराईचे सामूहिक हक्क मागता येतात. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःहून ठरवून जंगल परत उभे केले आहे; तेथे जाऊन पाहणे कोणत्याही पुस्तकी सल्ल्यापेक्षा उपयोगाचे आहे.

ठेलारी आणि काठेवाडी पशुपालकांशी भांडण करण्याऐवजी आधी बोलून तारखा ठरवाव्यात. बी गळून गेल्यानंतर, म्हणजे साधारण डिसेंबरपासून, मेंढ्या कुरणातून गेल्या तर नुकसान होत नाही. खुरांनी बी मातीत दाबले जाते आणि लेंडीखत मिळते. जून-जुलैत मात्र कोणाचाही कळप आत येऊ देऊ नये, गावातील वजनदार माणसाचाही नाही. नियम तेथेच मोडतो.

बी किंवा ठोंब विकत घेताना काय पाहावे?

पिशवीवरील लेबलवर उगवणक्षमता, शुद्धता आणि चाचणीची तारीख वाचावी. गवताच्या बियाण्याची उगवण धान्याएवढी कधीच नसते, म्हणून ‘नव्वद टक्के उगवण’ असे तोंडी सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे. घरी आणल्यावर शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून, सावलीत ठेवून, रोज पाणी शिंपडावे आणि दोन आठवड्यांत किती अंकुरल्या ते मोजावे. त्या प्रमाणात पेरणीचे बी वाढवावे. लसूणघासाचे बी घेत असल्यास त्यात अमरवेलीचे बारीक, गोल, करडे बी आहे का हे उन्हात पांढऱ्या कागदावर पसरून पाहावे, कारण ती एकदा शेतात शिरली की काढणे फार जड जाते. चारा पिकांचे आणि गवतांचे संशोधन राहुरीच्या विद्यापीठात आणि झाशीच्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेत चालते. ठोंबांची मागणी पावसाळ्याच्या तोंडावर एकदम वाढते, तेव्हा चौकशी मार्च-एप्रिलमध्येच करून ठेवावी.